लिहिणाऱ्यांनो, साकोलीला उतरा

‘दिवाळी अंकासाठी कथा पाठवा’ असा पुण्या-मुंबईचा निरोप येतो, तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यातली अर्धी साकोली चिखलात असते. जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणी, धानाची लावणी. बांधीत गुडघाभर पाणी, हातात पऱ्ह्यांची पेंढी, मजूर मिळत नाहीत म्हणून मराठीत एम.ए. झालेला पोरगाही कंबरेत वाकलेला. ऑगस्टअखेर मजकूर पोचला नाही तर अंकात जागा नाही, आणि ऑगस्टअखेर रोवणी उरकली नाही तर घरात जागा नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या धानवाल्याला विचारलं असतं तर त्याने ‘होळी अंक काढा’ असं सुचवलं असतं. फाल्गुनात आम्हाला वेळच वेळ असतो. मराठी कथेत ऊस, द्राक्षं आणि कोकणचे माड इतके, आणि धान एवढंसंच, याची समीक्षकांनी काय काय कारणं दिली असतील ती असोत; माझ्या मते कारण एकच, अंतिम तारीख.

तरीही आमच्याकडे लेखक होतात. रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या फटीत होतात, पण होतात. आणि लेखक व्हायचं मनात आलेला माणूस साकोलीत फार दिवस लपून राहू शकत नाही. तो पानठेल्यावर उगाच आभाळाकडे बघतो, बिल मागायला विसरतो, आणि ‘का गा, का लिवतेस आजकाल?’ असं कुणी विचारलं की खिशातून घडी घातलेला कागद काढतो. त्या क्षणापासून त्याच्यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातले बरेच सल्ले माझ्याही अंगणात पडतात, कारण फार पूर्वी नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत माझी एक कविता छापून आली होती. त्या भांडवलावर मी अजून तालुक्याचा साहित्यविषयक सल्लागार आहे. मानधन नाही, चहा असतो.

सल्ला देणाऱ्यांत सगळ्यात व्यवहारी माणूस म्हणजे बसस्टँडकडचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार. त्याच्याकडे कवितासंग्रह घेऊन गेलं की तो संग्रह उलटा करून आधी किंमत बघतो, मग लेखकाकडे बघतो आणि म्हणतो, ‘भाऊ, तलाठी भरतीचं काही लिहा ना.’ त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे रात्री अकरापर्यंत पोरं वाचत बसलेली दिसतात ती अभ्यासिकेत, आणि ती वाचतात ते प्रश्नसंच. ज्या लेखकाचं पुस्तक उशाशी घेऊन तरुण पिढी झोपते, ज्याची नवी आवृत्ती कधी येते म्हणून दुकानात चकरा मारते, तो लेखक चालू घडामोडींचा असतो. त्याला कुणी संमेलनाला बोलवत नाही. त्यालाही गरज नसावी.

दुसरे सल्लागार महाविद्यालयातले सर. ते पुस्तकाचं नाव विचारत नाहीत, विषय विचारत नाहीत, फक्त विचारतात, ‘आयएसबीएन आहे का?’ तेरा आकड्यांचा तो नंबर आपल्या देशात फुकट मिळतो, पण त्याचा दरारा असा की आमच्या एका कवीने संग्रहाच्या मुखपृष्ठावर स्वतःच्या नावापेक्षा नंबर मोठा छापून घेतला. कविता कशी आहे हे सांगणारी यंत्रणा नाही, नंबर खरा आहे हे मात्र यंत्र लावून बघता येतं, असं त्याचं म्हणणं.

तिसरा सल्ला सगळेच देतात: ‘वाचन वाढवा.’ देणाऱ्याने शेवटचं पुस्तक कधी वाचलं हे विचारायचं नसतं.

आता संधींकडे वळू. संधी नाहीत असं म्हणणाऱ्यांना काही माहीत नसतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याचं पहिलं पुस्तक निघावं म्हणून. शासनाच्या योजना मी पुष्कळ बघितल्या. कुठे सातबारा लागतो, कुठे उत्पन्नाचा दाखला, कुठे जुना अनुभव. आजवर काहीच केलेलं नाही हीच पात्रता असलेली योजना मला दुसरी दिसली नाही. हे कळल्यावर आमच्याकडची कितीतरी माणसं एका दिवसात पात्र झाली.

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. 2011 पासून देतात, पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट, अट एवढीच की वय पस्तिसाच्या आत हवं. इथे आमच्याकडच्या पोरांची पंचाईत होते. तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षा, मग दोन वर्षं लग्नाचं बघणं, मग लग्न, मग ‘आता लिहायला बसतो’ म्हणेस्तोवर छत्तिसावं लागलेलं. आणि पुरस्कार मिळाला म्हणजे सुटलो असंही समजू नये. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरेंना ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी 2018 साली हा पुरस्कार मिळाला, आणि 2020 च्या टाळेबंदीत तेच गोरे मजुरीला जात असल्याच्या बातम्या आल्या. ती बातमी आमच्या पानठेल्यावर मोठ्याने वाचली गेली, तेव्हा एक म्हातारे बाबा म्हणाले, ‘मंग बरोबरच आहे. लिवून झाल्यावर पोट भराले जा लागतेच.’ एरवी सगळ्यावर बोलणारी मंडळी त्यावर बोलली नाहीत.

धानाला आधारभूत किंमत आहे. खरेदी केंद्र उघडायला उशीर होतो, बारदाना संपतो, चुकारे अडकतात, बोनसची घोषणा होते आणि पैसे पुढल्या वर्षी येतात, हे सगळं खरं. पण क्विंटलला काही एक भाव सरकारने ठरवलेला असतो. कवितेचं तसं नाही. कविता आर्द्रता मोजून कुणी घेत नाही. ती स्वतःच्या खर्चाने कापायची, स्वतःच्या खर्चाने चुरायची आणि स्वतःच वाहून नेऊन लोकांच्या घरी टाकायची. खर्च लेखकाचा, नाव प्रकाशकाचं, अशी आमच्याकडच्या बहुतेक संग्रहांची छपाई होते. छपाई एकवेळ परवडते. प्रकाशन सोहळा परवडत नाही. मंडप, खुर्च्या, माईक, अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, आणि ‘आम्हाला का नाही बोलावलं’ म्हणणारे नंतरचे अतिथी. प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ. या शाली गावाबाहेर जातच नाहीत असा माझा दाट संशय आहे. मला गेल्या समारंभात मिळालेल्या शालीच्या टोकाला ज्या रंगाचा डाग होता, तो डाग मी आधी दुसऱ्याच्या खांद्यावर बघितलेला होता. पाहुणे येतात ते बहुधा राजकारणातले. निवडणूक जवळ असेल तर लवकर येतात आणि कवितेवर बोलतात. निवडणूक होऊन गेली असेल तर उशिरा येतात आणि रस्त्यावर बोलतात. कवी दोन्ही वेळा हात जोडून उभा.

एक गोष्ट मात्र कायद्याने दिलेली आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. हे ऐकून एका कवीची बायको म्हणाली, ‘म्हणजे त्या रद्दीला साठ वर्षं हात लावता येणार नाही का?’

नकाराचीही पद्धत बदलली. आमच्या वेळी साहित्य पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. म्हणजे नकार यायचा तो आपल्याच पैशाने. पण यायचा. ‘साभार परत’ असा छापील का होईना, कागद असायचा. पोस्टमन तो सगळ्यांसमोर द्यायचा आणि निदान गल्लीला कळायचं की आपला पत्रव्यवहार पुण्याशी आहे. आता व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा येतात आणि संपतं. उत्तर आलंच तर एवढंच येतं: ‘युनिकोडमध्ये पाठवा.’ पोराने युनिकोड शिकून पुन्हा पाठवलं की पुन्हा दोन निळ्या खुणा. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. खुणांचा रंग बदलला नाही.

साकोली राष्ट्रीय महामार्गावर आहे. नंबर त्याचा आता 53, जुने लोक अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. नागपूर शंभरेक किलोमीटर. पूर्वी मुंबई-कोलकात्याचे सगळे ट्रक गावातून जायचे, आता उड्डाणपूल झाला. पुलावरून जाणाऱ्याला साकोली म्हणजे एक पाटी. साहित्याचंही तसंच चाललेलं आहे. आमची पोरं पुलावर चढून पुण्याकडे तोंड करून बसतात, आणि पुलाखाली काय आहे ते बघत नाहीत. म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्याला मी आधी खाली उतरवतो.

खाली काय आहे? सुरुवातीपासून सांगतो. मराठीतला आद्य काव्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 च्या सुमारास, वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला लिहिला गेला अशी परंपरा आहे. अंबेजोगाईवाले मुकुंदराज आमचे म्हणतात, आणि तारखेवरूनही विद्वानांत वाद आहेत, ते मी अमान्य करत नाही. पण वाद लावता येण्याइतका तरी हक्क आमच्याकडे आहे. अंभोरा भंडाऱ्याच्या वेशीवर, नागपूर जिल्ह्यात. पाच नद्या तिथे मिळतात. आता तिथे तारांवर तोललेला मोठा पूल झाला आणि रविवारी फोटो काढायला गर्दी असते. मुकुंदराजांना प्रकाशक कोण मिळाला होता, हे त्या गर्दीत विचारून बघा.

पुढचा लेखक आमच्या जवळचा. नवेगावबांध साकोलीहून तासाभराच्या आत. तिथे मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. त्यांनी तिथल्या तळ्याकाठी, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसांच्या आणि जंगलात फिरणाऱ्या साध्या माणसांच्या संगतीत पाखरांची, झाडांची, माशांची नावं गोळा केली आणि त्यातून मराठीला पुस्तकं दिली. ‘नवेगावबांधचे दिवस’ नावाचं पुस्तकच आहे त्यांचं. 2006 ला सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. हे मी पोरांना सांगतो ते अशासाठी की बघा, तळ्याकाठी बसा, ढिवराला विचारा, गुराख्याला विचारा, त्याच्याजवळ जे शब्द आहेत ते अभ्यासिकेत नाहीत. पोरं शांतपणे ऐकून घेतात. मग एक जण म्हणतो, ‘म्हणजे काका, आधी वनखात्याची परीक्षा द्यावी लागेल.’ हा निष्कर्ष मी काढलेला नव्हता. पण विचार केला तर लेखकाला मिळालेला सर्वांत शहाणा सल्ला हाच: आधी पगार.

आणि मग आमची बोली. झाडीबोली. तिच्यासाठी आयुष्य खर्च केलेले डॉ. हरिश्चंद्र बोरकर आमच्या साकोलीचे. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, गाणी, म्हणी असं सगळं त्यांनी तोंडातून कागदावर आणलं, झाडीबोलीचं साहित्य मंडळ उभं केलं, आणि तिची संमेलनं अशा गावांत भरवली जिथे बस दिवसातून मोजक्या वेळा जाते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1878 ला न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सुरू झालं, 2025 चं अठ्ठ्याण्णवावं दिल्लीत झालं. तिथे कविकट्ट्यावर नंबर लागायला आमचा कवी उभा राहतो तो जेवणाच्या वेळेपर्यंत, आणि नंबर लागतो तेव्हा समोर उरतात ते पुढचे नंबरवाले कवी. गावच्या संमेलनात अडचण उलटी. समोर अख्खं गाव बसलेलं असतं आणि त्याला सगळं समजत असतं. समजणाऱ्या श्रोत्यांपुढे कविता म्हणायला छाती लागते. जाता जाता सांगतो, याच संमेलनाच्या 1885 च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारलं होतं. संमेलनाला न जाऊन मोठं होण्याचा हा मार्ग आमच्या काही कवींना फार आवडतो. त्याला आधी निमंत्रण लागतं, एवढीच त्यात अडचण.

बोलीत लिहिणाऱ्याचे हाल वेगळे. झाडीबोलीत ण नाही, छ नाही, श-ष नाही आणि ळ नाही. ळ च्या जागी र येतो. डोळा तो डोरा, काळा तो कारा, शाळा ती सारा. एका पोराने अशा बोलीत एक कविता शहरातल्या अंकाला धाडली. तिथल्या मुद्रितशोधकाने ती अशुद्ध म्हणून बाजूला ठेवली. पोराने नम्र पत्र लिहून नियम समजावला. मुद्रितशोधक सज्जन होता, त्याने नियम पाठ केला आणि सगळी कविता नियमाप्रमाणे शुद्ध करून छापली. जिथे जिथे र, तिथे तिथे ळ. त्यामुळे कवितेतली नवरी घर सोडून सासरी निघण्याऐवजी घळ सोडून सासळी निघाली, आणि वाटेत तिला वाळा लागला. अंक घरी आल्यावर पोराच्या आजीने ऐकून विचारलं, ‘बापू, हे कोनत्या देसाची बोली हाये गा?’

पण मला खरं सांगायचंय ते रात्रीचं. आमच्याकडे लेखकाला खरी संधी आहे ती दिवाळी अंकात नाही, दिवाळीनंतर आहे. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, पाळणे, जिलबी, आणि रात्री नाटक. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पुन्हा नाटक. असं होळीपर्यंत चालतं. ही झाडीपट्टीची रंगभूमी: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. हंगामात तिथे गेलात तर दुकानाच्या पाट्यांपेक्षा नाटकांचे फलक जास्त दिसतात, आणि प्रत्येक फलकावर कुणाचं तरी कुंकू, कुणाची तरी राखी आणि कुणाची तरी फसवणूक असते. नाटक रात्री दहा-साडेदहाला उभं राहतं आणि पहाटेला आडवं होतं. याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेल्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पुण्यात एखाद्या प्रायोगिक नाटकाला शंभर माणसं आली की परिसंवाद होतो. आमच्याकडे थंडीत, घोंगडी पांघरून, लेकरं मांडीवर घेऊन, तिकीट काढून हजारो माणसं उघड्यावर बसतात, आणि परिसंवाद होत नाही, कारण सकाळी धान चुरायचं असतं.

सेंदुरवाफ्याचा एक पोरगा, औषधाच्या दुकानात कामाला. तीन वर्षं कविता घेऊन माझ्याकडे यायचा. शेवटी त्याला वडशाला नेलं. त्याने लिहिलेलं नाटक कंपनीच्या मालकाने वाचलं नाही, ऐकलं. एक पाय खुर्चीवर घेऊन, डोळे मिटून. मध्येच हात वर केला.

‘बाप केव्हा मरतो?’

‘पहिल्या अंकाच्या शेवटी.’

‘म्हणजे साडेअकराला. नाही जमत. साडेअकराला अजून लोक येऊन बसताहेत, चहा घेताहेत. बाप मेला हे अर्ध्यांना दिसणार नाही, मग रात्रभर बाजूच्याला विचारत राहतील, बाप कुठे गेला. बाप तीनला मार.’

‘तीनला का?’

‘तीनला लोकांना झोप येते. बाईने हंबरडा फोडला की उठून बसतात. विनोदी माणूस कुठे आहे तुझा?’

‘नाटक गंभीर आहे, सर.’

‘म्हणून तर विचारतो. दोन विनोदी माणसं टाक, आणि त्यांना आपल्या बोलीत बोलू दे. हिरो बोलेल तुझं पुस्तकातलं. लोक हिरोला बघतात, ऐकतात विनोद्याला.’

रचना, कालभान, वाचकाची नाडी, पात्रांची भाषा यांवर मी आजवर जेवढे परिसंवाद ऐकले, त्या सगळ्यांत मिळून एवढं सांगितलं गेलेलं मला आठवत नाही. पोरगा मात्र परत येताना लाखांदूरपर्यंत बोलला नाही. त्याच्या मते तो बाप पहिल्या अंकातच मरणं अपरिहार्य होतं.

बाप तीनला मेला. मी पहिल्या प्रयोगाला होतो. ऑर्गन आणि ऑक्टोपॅड वाजवणारे स्वेटर घालून बसलेले, पोरगा विंगेत नखं खात उभा. पावणेतीनला समोर बघितलं तर पुढच्या तीन रांगा घोंगड्यांखाली गेलेल्या. मग हंबरडा फुटला आणि एकेक घोंगडी हलायला लागली. लेकरं रडायला लागली, ती नाटकामुळे नव्हे, पण परिणाम साधला. साडेचारला सासूने सुनेचे पाय धरले, गावातल्या एका भावाने स्टेजवर येऊन विनोद्याला पन्नास रुपयांचं बक्षीस दिलं आणि माईकवरून स्वतःचं नाव दोनदा घ्यायला लावलं. लेखकाचं नाव कुणी घेतलं नाही.

पहाटे चटया गुंडाळत असताना पुढच्या रांगेतली एक मावशी विंगेपाशी आली. पोरगा पुढे झाला. समीक्षा ऐकायला त्याने कानटोपी काढली.

‘तूच लिवलास का गा?’

‘हो, मावशी.’

‘नाटक बरा होता. पर सासू लवकर सुदरली. अशी नाई सुदरत सासू. माजी तर अजून नाई सुदरली.’

त्या दिवसापासून त्याने कविता लिहिलेली नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठ्यांच्या पाठीवर संवाद लिहीत बसतो, आणि गिऱ्हाईक आलं तर आधी त्याच्या घरच्या सासूचं विचारतो. परवा रात्री उशिरा त्याचा फोन आला. शंकरपटासाठी नाटकाची तारीख ठरली होती, आणि मालकाने सासूचा प्रश्न त्याच्यावरच सोपवला होता.

‘काका, पाचला सुधारली तर चालेल?’

‘पाचपर्यंत लोक थांबतील?’

‘सव्वापाचला सुधारतो,’ तो म्हणाला, ‘साकोलीची पहिली गाडी सहाला आहे.’